टाकीत उतरणारी माणसं

साहेबानं भर गेटवर माझ्या कानशिलात लगावली. सकाळची शिफ्ट सुटत होती, दुपारची आत शिरत होती. सगळे बघत होते.

"दारू ढोसून कामावर येतोस? तुमची जातच तसली."

मी थेंबभरही घेतली नव्हती. पाय लटपटत होते, जीभ जड झाली होती, हे खरं. पण ती टाकीची झिंग होती.

टाकी ट्रायक्लोची, म्हणजे तेल-ग्रीस धुणाऱ्या केमिकलची. चिंचवडच्या त्या कारखान्यात मशीनचे तेलकट पार्ट जाळीच्या टोपलीत घालून आम्ही तिच्यात सोडायचो. खालून तापवलेलं ते केमिकल, वर त्याची वाफ. पार्ट चकचकीत निघायचे. वास गोड. आधी उगाच हसू यायचं, मग डोकं गरगरायचं, मग ओकारी. मास्क मागितला तर साहेबानं गुळाचा खडा हातावर ठेवला. म्हणे गुळानं वाफ उतरते. वा रे वैद्य!

आणि गंमत अशी, की त्या वाफेमुळं टाकीवरच्या माणसाला दारू पचतच नव्हती. दोन घोट घेतले की तोंडावर लालभडक चट्टे उठायचे, छाती धडधडायची. काळेवाडीच्या गुत्त्यावर आमची टिंगल व्हायची, "टाकीवाले आले, ह्यास्नी सोडा द्या." सबंध कारखान्यात कोरडी माणसं आम्हीच, आणि दारुडेही आम्हीच.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी टाकी रिकामी करून तळाचा काळा गाळ खरवडायचा. उतरायचं कोणी, हे कधी विचारावं लागलं नाही. आमच्या वस्तीतले आम्ही दोघं, मी आणि दौलतनाना. पाटलाच्या घरचे हेल्पर होते, ते कधी उतरले नाहीत. "तुम्हाला घाणीची सवय असते," साहेब म्हणायचा. गाळ भिंतीपलीकडच्या ओढ्यात जायचा. ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी गोडसर लागायला लागलं, तरी कुणी हूं की चूं केलं नाही. तिथं पाणी भरणारेही आमचेच होते.

ती थप्पड मी गिळली. पोटासाठी गिळली. तिची लाज मला आजही वाटते.

त्यानंतरच्या गुरुवारी साहेबाला घाई होती. टाकी धड निवली नव्हती, तरी त्यानं नानाला उतरवलं. मी वरून बादली ओढत होतो. दोर एकाएकी सैल पडला. डोकावलो तर नाना गुडघ्यांवर, तोंड गाळात. मी श्वास कोंडून खाली उडी मारली, त्याला काखेत धरून वर ढकललं. वॉचमननं आधी त्याला, मग मला ओढून घेतलं. नानाचे ओठ निळे पडले होते, छाती हलत होती.

साहेबानं बुटाच्या टोकानं त्याला हलवून बघितलं.

"प्यायलाय. उन्हात टाका, पाणी ओता. उतरेल."

"सायब, गाडी काढा. नाना मरतुया!"

"दारुड्याला कंपनीची गाडी?"

गाडी समोरच उभी होती. नाना माझ्या मांडीवर तडफडून मेला.

साहेब घाम पुसत म्हणाला, "पोलिसांना सांग, पिऊन आला होता. आणि राहिलेला गाळ तू काढ. उद्या माल जायचाय."

माझ्या डोळ्यांत रक्त उतरलं. गाळ काढायचं लोखंडी खोरं शेजारीच पडलं होतं. ते उचललं आणि त्याच्या तोंडावर घातलं. दात पडले. तो खाली बसला, पुन्हा घातलं. मग वॉचमन लोकांनी मला लोळवून तुडवलं. बरगड्या मोडल्या. तरी मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

चौकीत फौजदारानं समजावलं. माणूस वाईट नव्हता.

"दारूच्या नशेत हात उचलला म्हण. साहेबाची माफी माग. प्रकरण मिटवतो."

नानाची बायको, काशीवहिनी, दाराशी बसली होती. तिलाही कंपनीच्या माणसांनी हेच सांगितलं होतं, तुझा नवरा दारूनं मेला. मी तिच्याकडं बघितलं.

"प्यालो न्हवतो," मी फौजदाराला म्हणालो. "नाना बी प्याला न्हवता. मी शुद्धीत मारलंय. तसंच लिवा."

त्यानं तसंच लिहिलं. मी तुरुंगात गेलो, नोकरी गेली. आता सुटून आलोय. पण दौलतनाना दारूनं मेला नाही, त्याला मारलं, हे मी गेटवर सांगतो, चावडीवर सांगतो, साहेबाच्या दारात जाऊन सांगतो. तोंड आहे तोवर सांगणार. आणि आमच्यातल्या कुणाला पुन्हा त्या टाकीत उतरवलंत, तर मी पुन्हा मारीन. तेव्हाही प्यालेला नसेन.