देवीशी भांडायला गेलो तो दिवस

मला देवीचाच राग आला होता. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, आणि मालाडच्या आमच्या घरात दर मंगळवारी माझी बायको सुप्रिया कडक उपास करायची. तपासण्या तिच्या, सुया तिला, टोमणेही तिलाच. "तिच्यातच कायतरी दोष आसा," असं आई शेजारणीला सांगायची आणि आतल्या खोलीत सुप्रिया ऐकत असायची. मला कोणी काही विचारलंच नाही. मधूनमधून लघवीला जळजळ व्हायची, जांघेत दुखायचं, पण असलं दुखणं सांगणार कोणाला?

एका मंगळवारी ती चक्कर येऊन ओट्यापाशी कोसळली. मी लिंबूपाणी पुढे केलं, तर म्हणाली, "नको रे, उपास मोडेल." माझं डोकंच फिरलं. तिला पलंगावर निजवलं, आईला तिच्याजवळ बसवलं आणि तसाच नाक्यावरच्या देवीच्या देवळात गेलो. अंगात कणकण होती, दुखणंही वाढलं होतं, पण रागापुढे काही सुचत नव्हतं. गाभाऱ्यासमोर उभा राहून मी ओरडलो, "अजून किती उपाशी ठेवणार आहेस तिला? लाज वाटत नाही तुला?" लोक बघायला लागले. तेवढ्यात खालून अशी कळ आली की मी पायरीवरच बसलो.

ओटीचं ताट घेतलेली एक बाई जवळ आली. वयाने आईएवढी.

"काय दुखतंय?"

"पोट."

"पोट? मग हात कुठे दाबून धरलायस? माझा भाऊ असाच लाजत राहिला. फार उशीर झाला त्याला. ऊठ, देवीशी नंतर भांड."

तिने रिक्षा थांबवली, मला दवाखान्यात नेलं आणि माझा नंबर लागेपर्यंत बाहेर बसून राहिली. डॉक्टरांनी घरचं सगळं विचारून, तपासून सांगितलं, "जंतुसंसर्ग वृषणाजवळच्या नळीपर्यंत गेलाय. तो मुरला की शुक्राणूंची हालचाल मंदावते, कधी नळीच बंद होते. बायकोच्या एवढ्या तपासण्या झाल्या आणि तुमची एकही नाही?" आईचा राग आला, आजवरच्या सगळ्या डॉक्टरांचा आला, आणि स्वतःचाही. बाहेर आलो तर ती बाई निघून गेली होती. नावही विचारलं नव्हतं.

घरी येऊन आईसमोर सांगितलं, "आजार मला आहे. हिचे उपास आजपासून बंद." सुप्रियाला रडू येईल असं वाटलं होतं, पण ती संतापली. "सहा वर्षं रे! सहा वर्षं मी ऐकून घेतलं!" ती त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलली नाही. आईने गुपचूप भात वाढून ताट तिच्यापुढे ठेवलं.

औषधं बरेच आठवडे चालली. संसर्ग गेला. एका बाजूची नळी मात्र कायमची बंद झाली आहे. दुसऱ्या बाजूने आशा आहे, खात्री कोणी देत नाही. मूल अजून नाही.

त्या बाईला देवीने पाठवलं की ती आपली आपण आली, हे मला ठाऊक नाही. ती आली, म्हणून उरलंसुरलं वाचलं. आता सुप्रिया आणि मी दोघं देवळात जातो, पोटभर जेवून. हात जोडतो, पण नवस बोलत नाही. गेलेल्या सहा वर्षांचा राग अजून धुमसतो. तो घरी आणून कोणावर काढू? देवी आई, तोही तुझ्याच पायाशी ठेवतो. सांभाळ.