मासळी आणि सुकं

इनास गेल्याचं मला शाळेत कळलं. पाचूबंदरहून त्याचा थोरला भाऊ सायकलवर आला, वर्गाच्या दारातच म्हणाला, "मास्तर, आपला इनास गेला." मला रडू आलं नाही, राग आला. महिना होत आला, तो राग अजून उतरलेला नाही...

आम्ही एका बाकावरचे. मी भुईगावच्या वाडीतला, तो कोळ्यांचा. चाळिशीत त्याच्या पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला. चादर लागली तरी बोंब मारायचा. हा वात, असं ठरवून त्यानं एरंडाची पानं बांधली. पुढच्या वर्षी कमरेत कळ येऊन लघवीतून खडा पडला. ती म्हणे उष्णता, म्हणून सब्जा. मग डोकं ठणकायला लागलं, ती कुणाची तरी नजर, म्हणून ख्रिस्ती देवळात मेणबत्ती. एका माणसाचे तीन आजार आणि तीन इलाज, सगळे फुकट. शेवटी मी त्याला ओढत मुंबईच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर इंग्रजीत बोलले, मी त्याला मराठीत सांगितलं. हे तीन आजार एकाच घरचे आहेत. तुझ्या रक्तात यूरिक ॲसिड वाढलंय, त्याचे खडे अंगठ्यात बसतात तसे मूत्रपिंडातही बसतात. रक्तदाबही चढलाय. मूत्रपिंडं जपली नाहीस तर जीव जाईल. दारू बंद, मासळी बंद, पाणी भरपूर पी.

"मासली बंद? कोल्याला?" एवढंच तो बोलला. पण पठ्ठ्यानं पाळलं. दारूही सोडली; दारूबंदीवाल्या सरकारला जमलं नाही ते अंगठ्यानं करून दाखवलं.

तरी दुखणं हटेना. अंगठा पुन्हा पुन्हा सुजायचा, पुढे तोंडावर सूज आली. तू चोरून मासळी खातोस, असं मी त्याला चारचौघांत सुनावलं. तो सहा महिने माझ्याशी बोलला नाही.

मीच गेलो शेवटी. तो जेवायला बसला होता. ताटात भात, सोड्यांचं म्हणजे वाळवलेल्या कोळंबीचं कालवण, सुक्या जवळ्याची चटणी. माझं डोकंच फिरलं.

"हे काय आहे, इनास?"

"सुकं."

"आणि मासळी बंद ना?"

"ही मासली कुठं हाय? मासली दोन वरसं तोंडात घातली नाय. कातरिनला इचार." कातरिन, त्याची बायको, चुलीपाशी मान हलवत होती. "मास्तर, तूच बोललास मासली बंद. सुकं कवा बोललास?"

मी खूप बोललो त्याला. अक्कल काढली, शाळेतले नापास विषयसुद्धा काढले. घरी येताना मला डॉक्टरांचे शब्द आठवले. ते ताजी आणि सुकी, दोन्ही म्हणाले होते. मी एका शब्दात उरकलं होतं. इनासनं सोडे सोडले नाहीत, कारण मी सांगितलेच नव्हते. सुकं बंद झालं तोवर मूत्रपिंडं गेली होती.

दरवर्षी पावसाआधी तो आमच्याकडे सोड्यांची पुडी पाठवायचा. यंदा कातरिननं पाठवली. फळीवर तशीच पडून आहे. काल माझी बायको म्हणाली, "आज मासळी मिळाली नाही. सोडे काढू?"

"सोडे म्हणजे मासळीच," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं. "असं कुणी म्हणतं का?"