आमच्या गल्लीतला रोवणा

गेल्या पावसाळ्यापासून मी अनवाणी हिंडतो आणि त्यात धर्माचा काहीही संबंध नाही.

ऑफिसात लोक विचारतात, "काय साहेब, नवस?" नवस नाही हो, संताप! तळपायाची आग मस्तकात जाते असं जो पहिल्यांदा म्हणाला, तो मे महिन्यात भंडाऱ्याच्या डांबरावरून अनवाणी कचेरीत गेलेला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

गोंदिया वेगळा झाला तेव्हा आम्हाला सांगितलं होतं की आता जिल्हा लहान झाला, कामं भराभर होतील. जिल्हा लहान झाला, पण आमच्या गल्लीतला खड्डा काही लहान झाला नाही. पाइप टाकायचा म्हणून गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत खोदली. पाइप भलत्याच गल्लीत गेला (का, ते विचारू नका, मी विचारून थकलो!) आणि आम्हाला चिखल मिळाला. ऑटोवाले कोपऱ्यावरच ब्रेक मारत. "अंदर नाही येत जी, काकाजी. ऑटो फसते."

आमचे नगरसेवक, ज्यांना अख्खा वॉर्ड 'भाऊ' म्हणतो, त्यांच्याकडे मी किती खेपा घातल्या! भाऊंचं उत्तर पाठ झालं होतं. "काकाजी, तुमचं काम झालंच समजा." मी समजत राहिलो आणि पाऊस पडत राहिला.

मग एके सकाळी माझी बायको शीला दारातून बाहेर पडली, घसरली आणि पाय मोडून बसली. ऑटो आत येईना. शेवटी मी आणि शेजारचे बोरकर, दोघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्चीसकट कोपऱ्यापर्यंत उचलून नेलं. दोन्ही बाजूंनी लोक ओट्यावर उभे. एकानं तर विचारलं, "कोणाची मिरवणूक हाय जी?" शीला खुर्चीतून कण्हत म्हणाली, "तुमच्याच्यानं एक रस्ता होत नाही!"

माझं डोकंच फिरलं. दवाखान्यातून परतताना कोपऱ्यावरच्या पानठेल्यासमोर, सगळ्यांदेखत मी गरजलो, "हा रस्ता होईस्तोवर पायात चप्पल घालणार नाही!" आणि दोन्ही चपला त्या खड्ड्यात भिरकावल्या. नव्या होत्या! वर पुन्हा अशा गडप झाल्या की राग उतरल्यावर काठीनं ढवळूनही सापडल्या नाहीत.

बोरकरांचं पितळी भांड्यांचं दुकान आहे आणि ते दुकान सांभाळून पेपरला बातम्या पाठवतात. ते म्हणाले, "नुसत्या चपलेची बातमी होत नाही. रोवणा करा, रोवणा! गल्लीत धान लावा. फोटो छापून येते, मग पाहा साहेब लोक कसे धावत येतात ते."

आमच्याकडे ही जुनी रीत आहे. रस्त्याचा चिखल झाला की नागरिक त्यात धानाची रोपं लावतात, घोषणा देतात, फोटो काढतात आणि हात धुऊन घरी जातात. रोपं दुसऱ्या दिवशी गाई खातात. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. पण रोपं आणायची कुठून? मी आसगावला सासूबाईंना फोन केला. त्यांना मी मामी म्हणतो. आणि जिचा सारा जन्म धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, गेला, तिला खोट्या रोवण्याची रोपं आणायला सांगणं, हीच माझी चूक!

मामी एसटीतून उतरल्या त्या पोतंभर परे घेऊन. (धानाच्या रोपांना आम्ही परे म्हणतो. कंडक्टर त्या पोत्याला भलतंच काही म्हणाला होता, ते मामींनी पूर्ण वॉर्डाला सांगितलं.) लेकीचा पाय बघितला, डोळे पुसले, मग ओट्यावर उभं राहून गल्ली न्याहाळली.

"जवाईबुवा, बांधी तं मस्त हाय! पाणी बी हाय. इतके दिवस पडीत काहून ठेवली?"

"मामी, बांधी नाही, रस्ता हाय हा!"

"असंन बाप्पा. मले तं बांधीच दिसते."

आंदोलनाचा दिवस उजाडला. "नगरपरिषद, जागी हो!" अशी मी आरोळी ठोकली, वाकलो, चार रोपं खोचली, बोरकरांनी फोटो काढला. संपलं! मी हात झटकून वर आलो, तर मागून आवाज आला, "थांबा! असा रोवणा करतेत का? किती वाकड्या ओळी!"

मामींनी माझी रोपं उपटली. लुगड्याचा काष्टा खोचला आणि उतरल्या. त्यांना पाहून बोरकरांची बायको उतरली. तिच्यामागे बँकेतल्या बाई, अंगणवाडीच्या मॅडम, सगळ्याच! आमच्या गल्लीतली कोणती बाई धानाच्या घरातून आलेली नाही? दुपारपर्यंत या टोकापासून त्या टोकापर्यंत गल्ली हिरवीगार, ओळी सुतात, आणि पाणी वाहून जाऊ नये म्हणून कडेनं मातीचा धुरासुद्धा घातलेला.

"मामी, फोटो झाला, आंदोलन संपलं," मी काकुळतीला येऊन म्हणालो.

"तुमचं संपलं असंन. धानाचं आता सुरू झालं."

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. त्यात मी होतो, पण वाकलेला आणि पाठमोरा! खाली 'संतप्त नागरिक'. संताप चेहऱ्यावर असतो हो! त्या बाजूनं तो कसा दिसणार? भाऊंचा फोन आला, "काकाजी, फोटो मस्त आला. पण तुमी कोठी होते?"

साहेब आले नाहीत. गाईही आल्या नाहीत, कारण मामी ओट्यावर काठी घेऊन बसल्या होत्या. एका दिवसासाठी आलेल्या मामी धानासाठी राहिल्या. गल्लीतली माणसं धुऱ्यावरून मुंग्यांसारखी रांगेनं ये-जा करू लागली. मग मध्येच पावसानं दडी मारली आणि मामींनी फर्मान काढलं, "जवाईबुवा, बांधी सुकून राहिली. पाणी सोडा."

ज्या पाण्यापायी मी नगरपरिषदेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, तेच पाणी मी आता रोज संध्याकाळी घरच्या नळाला नळी लावून गल्लीत सोडत होतो! अनवाणी! आणि शीला, प्लास्टर निघालेला पाय स्टुलावर ठेवून, खिडकीतून सांगत होती, "त्या कोपऱ्यात कमी पडून राहिलं जी!"

धान पोटरीवर आलं, म्हणजे लोंबी पोटात धरली, आणि नेमकी निवडणूकही जवळ आली. एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी घरघर ऐकू आली. पाहतो तर जेसीबी, मागे रोलर, मागे गिट्टीचे ट्रक आणि सर्वांत पुढे हातात नारळ घेऊन भाऊ!

"घ्या काकाजी! झालं की नाही तुमचं काम?"

मला रडूच यायचं राहिलं. मुहूर्तासाठी आणून ठेवलेल्या नव्या चपलांचं खोकं मी माळ्यावरून काढलं. शीलाला ओरडून सांगितलं, "चल, आता ऑटो दारात येईन तुह्या!" खोकं बगलेत घेऊन बाहेर येतो, तर मामी जेसीबीसमोर मांडी घालून बसलेल्या.

"मामी, उठा!"

"नाही उठत. धान पोटरीवर हाय. पोटुशी बाईले कोणी घराबाहेर काढते का?"

"अहो, आंदोलनाचा धान हाय तो!"

"धानाले काय मालूम तुमचं आंदोलन? त्याले लावलं, तो आला."

भाऊंनी ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला. "मी बपेऱ्याकडचा हाय, भाऊ. घरी धानच हाय आमच्या. उभ्या पिकावर मशीन नाही घालत मी." भाऊ त्याला दटावणार होते, पण तेही शेवटी शेतकऱ्याच्या घरातले. नारळ या हातातून त्या हातात घेत नुसते उभे राहिले.

आणि मग घरातून शीला आली. लंगडत! तीच प्लास्टिकची खुर्ची ओढत! माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, लेक आईला उठवेल. शीलानं खुर्ची मामींच्या शेजारी ठेवली आणि बसली.

"अवं, तुह्यासाठीच भांडून राहिलो ना मी!" मी किंचाळलो.

"मी चालन आखीन महिनाभर. धानाले पाय हायेत का? थो कोठी जाईन?"

"काकाजी," भाऊ वैतागून म्हणाले, "मागणी तुमची, आंदोलन तुमचं, धान तुमचा, अन् सासूबी तुमचीच. एक काहीतरी ठरवा ना जी!"

संतापानं माझा तोल गेला. मी जेसीबीपुढे धावलो आणि दोन्ही हात वर करून मामींना "उठा, उठा!" म्हणून ओरडू लागलो. तेवढ्यात बोरकरांनी फोटो काढला.

या वेळी माझा चेहरा स्वच्छ आला. आ वासलेलं तोंड, वर केलेले हात, मागे जेसीबी. वर ठळक अक्षरात: 'नागरिकांनी रस्त्याचे काम रोखले'. गिट्टी मागच्या गल्लीत गेली. तिथल्या लोकांनी ना अर्ज केला होता, ना रोवणा! आता तिथे आरशासारखा सिमेंटचा रस्ता आहे आणि ऑटो भोंगा वाजवत दारापर्यंत जातात. भोंगा मला घरात ऐकू येतो.

धान कापल्यावर भाऊंकडे गेलो, तर आचारसंहिता लागलेली. निवडणुकीत भाऊ पडले. नव्यांकडे गेलो. त्यांनी मला निरखून पाहिलं आणि म्हणाले, "ती गल्ली होय? तिथं तं लोकायचा रस्त्याले विरोध हाय ना?"

नव्या तांदळाचा भात मामींनी केला. मी रागारागानं ताट पुन्हापुन्हा पुढे केलं.

परवा पाऊस सुरू झाला आणि दारात मामी हजर. हातात पोतं! माझा पारा चढला. "मामी, यंदा काही नाही! पहिले रस्ता! रस्ता होईस्तोवर मी पायात चप्पल घालत नाही, विसरल्या काय?"

मामींनी शांतपणे रोपांची एक पेंडी माझ्या हातात दिली.

"नोका घालू, बाप्पा. बांधीत चप्पल घालून उतरते कोण?"

मी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि उतरलो. ओळी अजून वाकड्याच येतात, असं मामी म्हणतात.