वांदर-बल

१९५७ साली वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात एकच चर्चा होती: रसायनाच्या प्रयोगशाळेतल्या हरिदास शिपायानं सात काचपट्ट्या लंपास केल्या आणि पवनारला पोरीच्या लग्नासाठी त्यांची आरशाची पेटी बनवली. एक जण तर ती पेटी डोळ्यांनी पाहून आला होता!

हरिदासला पोरगीच नव्हती.

आणि काचपट्ट्याही कुठं गेल्या नव्हत्या. प्राध्यापक प्रभाकररावांनी पेटीतल्या पट्ट्या मोजल्या, अठ्ठेचाळीसच्या एक्केचाळीस भरल्या. लगेच भर वर्गात, नाकातून एकेक अक्षर चघळत ते म्हणाले, "हरिदास, उद्यापर्यंत पट्ट्या आण. नाहीतर परवापासून येऊ नकोस."

बावीस वर्षांची नोकरी, आणि पोरांसमोर चोर! हरिदासची कानशिलं तापली. "तपासणीवाले आलते तवा हे साहेबच म्हने, 'पुसत बसू नको, ओल्याच भर पेटीत.' भरल्या. आता म्याच चोर?"

पेटी घेऊन तो खिडकीशी बसला. एकेक पट्टी अंगठ्यानं चाचपू लागला. एक पट्टी सरकली, आणि तिच्याखालून दुसरी निघाली. ओल्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या, सरांनी प्रत्येक जोडी एकच पट्टी म्हणून मोजली होती. अशा सात जोड्या.

सरांनी पाहिलं, "असं होय," म्हणाले आणि पानाला चुना लावू लागले. बस्स. माफीचा शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी सरांचा विषय काय, तर रेणूंमधली क्षीण ओढ! व्हॅन डर वाल्सचं बल! मागे बाटल्या पुसणाऱ्या हरिदासला ते 'वांदर वालस' ऐकू आलं, वांदर म्हणजे माकड, आणि लगेच पटलंही. तास संपल्यावर तो आम्हा पोरांवरच उसळला.

"एक वांदर वावरात आलं तं कोनी भेत नाई. कळप आला का तूर साफ! या रेनूचंबी तसंच. एकाचं बळ काईच नाई, पन लाखानं जमले तं काच सोडत नाई. मले अनपढाले समजलं, अन् जो शिकवते त्याले आपल्या पेटीत दिसलं नाई? काऊन? शिपाई चोर म्हननं सोपं हाय म्हनून!"

"पण सर तुमची माफी कधीच मागणार नाहीत," मी म्हणालो. "पैज!"

"मांगतीन. हारला तं महिनाभर नळ्या तू धुजो."

पुढच्या तासाला हरिदासनं दोन जाड, ओल्या काचा एकमेकींवर दाबून सरांपुढे ठेवल्या. "साहेब, पोराइले सोडवून दाखवा."

सरांनी ओढल्या. पुन्हा ओढल्या. चेहरा लाल, पानाचा रस हनुवटीवर, वर्गात खसखस. हरिदास हात बांधून उभा.

"हरिदास... कशा सोडवायच्या?"

"चोराले काऊन इचारता साहेब?"

सरांच्या नाकातला आवाज पहिल्यांदाच घशात उतरला. "चुकलं माझं, हरिदास. चोर ठरवायला नको होतं."

"ओढू नका," हरिदास म्हणाला, "सरकवा."

त्या महिन्यातल्या सगळ्या परीक्षानळ्या मी धुतल्या. पुसूनही ठेवल्या.