आईने जपलेली काडी

आमच्या घरी बुटाचं माप काडीवर असायचं. बाबा जंगल खात्यात नाकेदार. आठ-आठ दिवस जंगलातल्या बीटवरून परत यायचे नाहीत, आणि बूट घ्यायला बाजारात येणं तर त्यांच्या स्वभावातच नव्हतं. मग आईने एकदा ते जेवायला बसले असताना त्यांच्या तळव्याला पऱ्हाटीची, कापसाच्या झाडाची, काडी लावली, टाच ते अंगठा मोजून मोडली आणि आरशामागे खोचून ठेवली. सौंसरच्या बाजारात जाताना ती काडी पिशवीत टाकायची आणि नेमके बूट घेऊन यायची. बाबांनी कधी तक्रार केली नाही. अर्थात, बाबांनी आयुष्यात कशाचीच तक्रार केली नाही, हे मला कळायला फार उशीर झाला.

आई गेली तेव्हा तिचा एक नवस राहिला होता. चौरागडच्या महादेवाला त्रिशूळ वाहायचा. बाबा म्हणाले, मी चढतो. मोहगावजवळच्या आमच्या गावातून माणसं दरवर्षी जातात, त्यात काही नवल नव्हतं. पण बाबांना दहा वर्षांपासून शुगर. तळव्यांना मुंग्या येतात, कधी कधी चप्पल निसटली तरी कळत नाही, असं त्यांनीच एकदा हसत सांगितलं होतं. त्यांना अनवाणी जायचं होतं. मी चिडलो. दगड-काट्याने जखम झाली तर भरणार नाही, बुटाशिवाय पाऊल टाकू देणार नाही, असं ठणकावून सांगितलं.

"महादेवापाशी का बुटानं जातेत, बाप्पा?" एवढंच ते म्हणाले.

मी पांढुर्ण्याला शाळेत गणित शिकवतो. काडी घेऊन तिथल्याच ओळखीच्या दुकानात गेलो. बूट निवडले उत्तम चामड्याचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, तळ शिवलेला, नुसता चिकटवलेला नाही. दुकानदाराने तळ वाकवून दाखवला. बोटं जिथे वाकतात तिथेच बूट वाकला पाहिजे म्हणाला. मग मी काडी पुढे केली, तसा त्याने बूट बाजूला ठेवला.

"सर, पाय घेऊन या. काडी नोका आनू."

संध्याकाळी आणा, पाय तेव्हा फुगलेला असतो. जाड मोजे घालून उभं करा. वयानं पाय पसरतो, असं बरंच सांगत राहिला. मला ती दुकानदारी वाटली. शिवाय ती काडी आईची होती. तिच्या हाताचं माप चुकीचं म्हणणारा हा कोण? माप मला कळतं, असं म्हणून मी बूट बांधून घेतले.

घरी बाबांनी ते घातले. मी पुढून दाबून पाहिलं, बोटांपुढे अंगठाभर जागा होती. घट्ट होत नाही ना, विचारलं. नाही म्हणाले. माझी छाती फुगली. काडी लांबी सांगते, रुंदी सांगत नाही, हे पाचवीच्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही. ज्या पायाला चप्पल निसटलेली कळत नाही त्यालाच मी विचारत होतो, हेही कळलं नाही.

चौरागड चढताना मी चार-पाच वेळा विचारलं. दर वेळी नाही. वर देवापाशी त्यांनी बूट काढले, मोजे मात्र ठेवले, काळे होते. काळ्यावर काही दिसत नाही. त्रिशूळ वाहिला, आईचं नाव घेतलं आणि बाबा रडले. मी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नवस फिटला म्हणून मलाही बरं वाटलं.

डाव्या करंगळीची कड सोलून निघाली होती. घरी गेल्यावर त्यांनी पंधरा दिवस हळद भरली आणि मला फोनवर सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. मी गेलो तेव्हा बोट काळं पडलं होतं. नागपूरला आधी बोटं गेली, मग गुडघ्याखाली पाय गेला. काटा लागेल म्हणून मी त्यांना बूट घालायला लावले होते. अनवाणी गेले असते तर, हा विचार मी रोज करतो.

बूट मी माळ्यावर फेकले. नकली पाय बसवायची वेळ आली तेव्हा पाय बनवणाऱ्या माणसाने सांगितलं, जे घालणार ते पायताण घेऊन या. बाबांनी शेजाऱ्याकडून तेच बूट काढवले आणि मला न विचारता पिशवीत भरले.

"मजबूत हायेत. टाकाचे कायले?"

त्या माणसाने उजवा बूट पाहिला आणि अरुंद आहे, हा पुन्हा घालायचा नाही म्हणून बजावलं. डावा मात्र नव्या पावलावर सरळ चढला. बाबा कठड्याला धरून उभे राहिले, खाली पाहत राहिले.

"आता बसला बरोबर," ते म्हणाले. टोमणा नव्हता. बाबांना टोमणा मारता येत नाही.

मी खाली बसून लेस बांधली. आणि बांधता बांधता तोंडातून निघूनच गेलं, "बाबा, घट्ट तर नाही ना होत?"

"नाही," बाबा म्हणाले.