बैलांच्या मानानं आलेली मांजरं

मांजराची दोन पिल्लं घरी यायची होती, म्हणून मी ऑफिसात तीन दिवसांची रजा टाकली. स्वतःच्या लग्नाला मी दोनच दिवसांची टाकली होती, ही आठवण बायकोनं, म्हणजे सुमननं, रजेच्या पहिल्याच सकाळी चहासोबत करून दिली.

कारण साधं होतं. आमचं घर बेळगावजवळ येळ्ळुरात. मागच्या खोलीत वर्षाच्या तांदळाची पोती, आणि त्या पोत्यांवर उंदरांचा डोळा. निपाणीला माझी थोरली बहीण असते. तिच्या मांजरीला दोन पिल्लं झाली होती आणि ती मला द्यायला आक्का कशीबशी तयार झाली होती. अट एकच.

"मी सोता घिऊन येतो," तिनं फोनवर बजावलं. "घर बघतो. मनाला आलं तर ठेवतो, न्हायतर पाचच्या बसनं पिल्लं माघारी."

(सुमनला बघायला गेलो होतो, तेव्हा आक्कानं इतक्या अटी घातल्या नव्हत्या.)

बेळगावच्या ऑफिसात पंधरा वर्षं फायली हाताळून मला एक गोष्ट पक्की येते, ती म्हणजे पूर्वतयारी. मी फोनवर मांजरं पाळण्याचे एकामागून एक व्हिडिओ पाहिले आणि कामाला लागलो. पहिल्या दिवशी मागच्या खोलीच्या खिडक्यांना बारीक जाळी ठोकली. दुसऱ्या दिवशी दारांखालच्या फटींना पट्ट्या मारल्या, मोरीचं तोंड बंद केलं, वायरींना फडकी गुंडाळली. सगळ्या घरात पिल्लाचं डोकं जाईल असं एक भोक म्हणून शिल्लक ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या प्रातर्विधीसाठी वाळू आणली आणि तीनदा चाळली. कुठल्या चाळणीनं, ते सुमनला संध्याकाळी भाकरीचं पीठ चाळताना कळलं. त्या भाकरीवर मी बोलणार नाही.

आता आप्पांचं सांगतो. आप्पा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं त्यांनी बैल सांभाळले. गेल्या साली गुडघ्यांनी दगा दिला, नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागला आणि बैलजोडी विकली. त्या दिवसापासून आप्पांनी परसातल्या गोठ्यात पाऊल टाकलं नव्हतं. पुढच्या कट्ट्यावर रस्त्याकडं तोंड करून बसायचे. विचारलं तर तेवढंच बोलायचे, नाही विचारलं तर तेही नाही. मला वाईट वाटायचं, पण त्यावर काय करावं ते सुचत नव्हतं. त्याचे व्हिडिओ नसतात.

तर दुसऱ्या दिवशी आप्पा उठून मागच्या खोलीत आले. जाळी बघितली, मऊ गोधडी बघितली, वाट्या बघितल्या.

"दावं कुठं बांधणार?"

"आप्पा, मांजराला दावं नसतंय."

"मग ऱ्हाणार कशी?"

"जाळी मारलीया की."

"जाळी कोंबड्यास्नी मारत्यात," असं म्हणून ते गेले. संध्याकाळी बघतो तर कट्ट्यावर बसून लाल सुताची दोन बारकी दावी वळत होते, टोकाला एकेक घुंगरू. किती तरी दिवसांनी त्यांचे हात कशात तरी गुंतले होते. म्हणून मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं, हे तिसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

आक्का रिक्षातून उतरली. कडेवर झाकणाची बुट्टी, आत दोन पिल्लं, एक पांढरं नि एक कबरं. आणि दारात बघतो तर आप्पा उभे. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात ताट, ताटात कुंकू आणि भाकरीचा तुकडा. आमच्या घरात नवं जनावर आलं की पायांवर पाणी घातल्याशिवाय, कुंकू लावून भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय ते उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हशी तशाच आल्या, बैल तसेच आले. ट्रॅक्टर पहिल्यांदा दारात आला तेव्हासुद्धा आप्पांनी त्याच्या पुढच्या चाकांवर पाणी घातलं होतं. तोंड दुसरीकडं फिरवून, पण घातलं होतं.

"बुट्टी उघड गं," आप्पा म्हणाले.

इथं कुणीतरी अडवायला हवं होतं. पण आक्का त्याच घरची लेक, तिला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. सुमननं डोक्यावर पदर घेतला. आणि मी, तीन दिवस व्हिडिओ बघितलेला माणूस, हात जोडून उभा राहिलो.

आप्पांनी पाणी घातलं. अर्धा तांब्या. बैलाच्या मापानं.

पांढरं पिल्लू माझ्या शर्टावरून चढून डोक्यावर गेलं आणि तिथून कंपाउंडच्या भिंतीवर. कबरं कुंकवाच्या ताटातून गेलं. ताट आप्पांच्या हातून सुटलं, कुंकू सुमनच्या नव्या साडीवर सांडलं आणि भाकरीचा तुकडा शेजारच्या कुत्र्यानं उचलला. मी डोकं चाचपून हात बघितला, तोही लाल. ते कुंकू नव्हतं.

"आत गेली असतील," मी म्हणालो.

"कुठनं?" सुमन म्हणाली. "तुम्ही एक तरी भोक ठेवलंय का?"

तेही खरंच होतं. दारात आम्ही चौघं आडवे उभे, बाकी सगळं घर मी बंद केलेलं. पिल्लं बाहेर पळू नयेत म्हणून केलेली तयारी आता त्यांना आत येऊ देत नव्हती.

मग शोधाशोध. मी मांजरांच्या विकतच्या खाण्याचा डबा खुळखुळवत गल्लीतून फिरलो. बिस्किटं वाटतोय समजून शेजारच्या आजीनं हात पुढं केला. सुमन गच्चीवर चढली. आक्कानं नारळाच्या झावळ्यांखाली वाकून बघितलं आणि घड्याळही बघितलं. साडेतीन वाजले होते.

"गावली तर मी घिऊन जातो," ती म्हणाली. "आन् न्हाय गावली तर तुझ्याशी बोलत न्हाय."

माझं डोकं फिरलं. मी कट्ट्याकडं वळून म्हणालो, "आप्पा, ती बैलं न्हवं. मांजरं हायीत."

आप्पांनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि उठून घरामागं गेले. मला लगेच वाईट वाटलं, पण तोंडातून गेलेलं परत कसं घेणार?

साडेचार झाले तरी आप्पा आले नाहीत, म्हणून आम्ही तिघं परसात गेलो. गोठ्याची कडी निघालेली होती. त्या दाराखाली वीतभर फट. ती बुजवायचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, कारण तिकडं कुणी जातच नव्हतं. आत आप्पा गव्हाणीच्या कडेला बसले होते. मांडीवर बैलांची जुनी झूल, झुलीवर दोन्ही पिल्लं. कबऱ्याचे पाय अजून लाल. आप्पा पटक्याच्या टोकानं ते पुसत होते आणि बैलांशी बोलायचे तसं तोंडानं चुकचुकत, संथपणे त्यांच्याशी बोलत होते.

"सोन्या, हाल नगंस. पाखऱ्या, तू गप बस रं."

ही आमच्या विकलेल्या जोडीची नावं. आक्कानं पदर डोळ्यांना लावला आणि मग घड्याळाकडं न बघता खालीच बसली.

"घर मनाला आलं," ती म्हणाली. "हीच जागा बरी हाय. तुझी खोली मला काय बघायची न्हाय."

पाचची बस गेली.

याला आता चार महिने झाले. आप्पा सकाळ-संध्याकाळ गोठ्यात असतात. दावी खुंटीलाच टांगलीत. सोन्या-पाखऱ्या गोठा सोडून कुठं जात नाहीत. मागच्या खोलीत मी त्यांना दोनदा उचलून नेलं, दोन्ही वेळा माझे हात ओरबाडले.

खोलीत उंदीर मात्र आहेत. पोत्यांमागचं त्यांचं बीळ मी कधी बघितलंच नव्हतं, कारण मी फक्त पिल्लाचं डोकं जाईल एवढीच भोकं बुजवत होतो. परवा दार उघडलं तर गोधडीवर एक आख्खं कुटुंब झोपलेलं, शेजारी विकतच्या खाण्याची वाटी चाटूनपुसून साफ. जाळी पक्की आहे, फटी बंद आहेत, तिथं मांजर काही केल्या शिरू शकत नाही. तीन दिवस रजा टाकून केलेल्या या कामाबद्दल निदान उंदरांची तरी काही तक्रार नाही.