ओढणीवाल्या बाई

बाईंनी मला "काय झालं?" असं कधीच विचारलं नाही. धारला तळ्याकाठच्या त्यांच्या खोलीत मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी कोपऱ्यातल्या वेताच्या टोपलीकडे बोट केलं. टोपलीत ओढण्या, जुन्या साड्यांचे तुकडे, बाग गावच्या छपाईची लाल-काळी कापडं कोंबलेली होती. "आज तू यातली कोणती, ते काढ," त्या म्हणाल्या. मी एक राखाडी ओढणी काढली. त्यांनी ती पाहिली, मान हलवली आणि त्या चष्मा शोधायला लागल्या. चष्मा त्यांच्या केसांत खोवलेला होता.

माझा नवरा विवेक सोयाबीनच्या बियाण्याच्या कंपनीत होता. कामासाठी खातेगावला गेला आणि तिथेच एका दुकानात बसल्या बसल्या गेला. देवासला मला फोन आला. तेराव्यापर्यंतचं सगळं मी उरकलं, शाळेत शिकवायला जाऊ लागले, पण रडू म्हणून आलं नाही. कोणाचा हात लागला तरी लाकूड लागल्यासारखं वाटायचं. एका समुपदेशकांकडे काही महिने गेले. भले गृहस्थ होते. त्यांना मी सगळी हकीकत इतकी नीट सांगायचे, की ती दुसऱ्याच कोणा बाईची असावी.

एका संध्याकाळी माझी सातवीतली मुलगी मनू जेवता जेवता म्हणाली, "आई, तू घर में होती है, पर होती नहीं." तिला मराठी येतं, पण मनातलं ती हिंदीतच बोलते. मी ते वाक्य त्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "तुम्हाला बोलणं फार चांगलं येतं, तेच आड येतंय. अनुभवातून उपचार करण्याची एक पद्धत असते. त्यात बोलण्यापेक्षा करणं जास्त. धारला एक बाई ते काम करतात."

फोनवर मी चाचरत विचारलं, तुम्ही हे कुठे शिकलात, मला सोसलं नाही तर काय? बाई खूश झाल्या. "विचार बेटा. वांगीसुद्धा आपण उलटून पाहतो." कुठे शिकल्या, अजून कोणाच्या देखरेखीखाली काम करतात, सगळं त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "तू हात वर केलास की मी थांबेन. का, ते विचारणार नाही." मग मी दर शनिवारी इंदूरला बस बदलून धारला जाऊ लागले. स्टँडवरचा रिक्षावाला मला ओळखू लागला. "ओढणीवाली मैडम के यां? बैठो दीदी."

त्यांचं मराठी जुन्या वळणाचं होतं. "यावं, बसावं" म्हणायच्या आणि त्याच श्वासात "और सुनाओ". पण सुनवायला लागलं की अडवायच्या. "सांगू नकोस, दाखव." एकदा त्यांनी मला जमिनीवर कापडांनी माझं घर मांडायला लावलं. मी स्वयंपाकघर मांडलं, मनूसाठी पिवळी ओढणी अंथरली. राखाडी ओढणी मी दाराबाहेर ठेवली होती, हे मला दिसलंच नव्हतं. बाईंनी मला तिथे नेऊन बसवलं. "इथून मनू दिसते?" मी पाहिलं. दिसत नव्हती.

एका शनिवारी त्यांनी माझ्यासमोर ढोलक ठेवली आणि म्हणाल्या, "वाजव, जोरात." मी हात वर केला. त्यांनी ढोलक उचलून आत नेली. उरलेला वेळ आम्ही खिडकीत बसून तळ्यातल्या म्हशी पाहिल्या. ऊन पाण्यावर मऊ पसरलं होतं, म्हशींची नुसती डोकी वर होती, आणि कुठूनतरी गिरणीचा आवाज येत होता. उठताना बाई म्हणाल्या, "आज मी घाई केली. चूक माझी." माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो त्या दिवशी.

त्यानंतर थंडीत कधीतरी मी विवेकसाठी कापड काढलं. निळं, चौकटीचं. बाईंनी ते खुर्चीवर ठेवायला सांगितलं. मला बोलायला काही सुचेना, म्हणून मी ते उचलून घडी घालू लागले, त्याच्या शर्टांची घालायचे तशी. "हळू," बाई म्हणाल्या. "हात काहीतरी म्हणतायत. त्यांचं होऊ दे." मी हळू केलं. अजून हळू. घडी पुरी होईना. मग माझ्याच तोंडून ऐकलं, "असा कसा गेलास रे? दारात उभी होते मी. मागे वळून बघितलंसुद्धा नाहीस."

थोड्या वेळाने बाईंनी मला खुर्चीत बसवलं. "आता तू विवेक. त्याचं ऐकू." मी बसले आणि त्याच्याच चालीत बोलले, "अरे यार, बस निकल रही थी. मला काय माहीत?" मला हसू फुटलं आणि हसता हसता मी रडू लागले. बाई जवळ बसून होत्या. त्यांनी पाणी दिलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. खोलीत दुपार हळूहळू सरत होती आणि मी पाण्याखालून वर येत असल्यासारखी होते.

घरी पोहोचले तेव्हा मनू भूगोल वाचत होती. मी तिच्यामागे बसून तिची वेणी सोडली आणि पुन्हा घातली. तिचे केस गार होते, मान गरम. ती पुस्तकातून वर न बघता मागे सरकून मला टेकली.

पावसाळ्यानंतर बाई बहिणीकडे ग्वाल्हेरला कायमच्या गेल्या. त्यांचं गुडघ्यांचं दुखणं वाढलं होतं. शेवटच्या भेटीत त्यांनी मला देवासमधल्या त्यांच्या एका शिष्येचं नाव दिलं. "गरज पडली तर जा. नाही पडली तर माझी आठवण काढायलासुद्धा जाऊ नकोस." मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मला उठवलं आणि पहिल्यांदाच जवळ घेतलं. त्यांच्या अंगाला कापराचा वास होता.

परतीच्या बसमध्ये शेजारी एक अनोळखी म्हातारी बसली होती. गव्हासाठी नांगरलेली शेतं मागे जात होती. तिला डुलकी लागली आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. ते जड होतं, उबदार होतं. तिचा श्वास माझ्या दंडाला लागत होता. इंदूर येईपर्यंत मी खांदा हलू दिला नाही.